बाजारहत्नूरहून आलेला फोटो

(मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही दोघांनी मिळून दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही दोघंही डॉक्टर. यंदा आरोग्यावर काहीतरी बोला. पण बीपी-शुगर नको, ते दर वर्षी होतं." आम्ही विषय सांगितला. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग हलक्या आवाजात, "खरूज? गणपतीत?"

त्यांचं चुकलं नाही. आपल्या घरांतून हा शब्द मोठ्यानं उच्चारत नाहीत. 'खरजुलं कुत्रं' ही आपल्याकडची शिवी आहे. मधुमेह झाला तर माणूस चारचौघांत सांगतो, हृदयाचं ऑपरेशन झालं तर छातीवरचा व्रणसुद्धा दाखवतो. खरूज झाली तर म्हणतो, "जरा उष्णता झालीय." म्हणूनच हा विषय घेतला. कार्यवाहांनी मोठ्या मनानं परवानगी दिली, फक्त एवढंच सांगितलं की कार्यक्रमपत्रिकेवर 'दूरवैद्यक : एक अनुभव' असं छापू. तसं छापलंय. तेव्हा मोदकांच्या आधी थोडं सोसा.

आमच्यातली एक त्वचारोगाची डॉक्टर, दुसरा साधा फॅमिली डॉक्टर. हैदराबादेत तीस वर्षं झाली. मूळ घर बाजारहत्नूरला. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी आदिलाबादकडे असतं, त्यामुळे नकाशा काढून दाखवायला नको. नागपूरच्या हमरस्त्यानं निघालं की इच्चोडा येतं, तिथून आत वळायचं. कडेम नदी उगम पावते तो हा भाग. कापूस, सोयाबीन, तूर. गावात तेलुगू, मराठी, गोंडी, लमाणी, उर्दू, सगळं कानावर पडतं, आणि बाजाराच्या दिवशी एकाच माणसाच्या तोंडून तीन भाषा निघतात. १९५६ साली किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, आमचं गाव अलीकडे राहिलं. सीमारेषा सरकली, सोयरीक काही सरकली नाही. अजूनही लग्नाचा बस्ता किनवटला, कोर्टकचेरी आदिलाबादला.

आमच्या लहानपणी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना एक त्वचेचा आजार डॉक्टरशिवाय ओळखता यायचा. नारू. पायावर फोड यायचा, आग व्हायची, पाण्यात पाय घातला की फोड फुटून पांढरा दोरा बाहेर डोकवायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही. तेलुगूत त्याला नारिकुरुपू म्हणायचे. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी न गाळता प्यायलं की वर्षभरानं तो प्रकट व्हायचा. पायविहिरी बंद झाल्या, हातपंप आले, बायांनी पाणी फडक्यानं गाळायला घेतलं आणि नारू देशातूनच गेला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. एवढा मोठा विजय, पण त्याचं कौतुक आपण फारसं केलं नाही.

नारू ओळखायला फोन लागला नसता. किडा स्वतःच बाहेर येऊन ओळख द्यायचा. खरजेचा किडा तसा नाही, आणि आमची फजिती तिथेच झाली.

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमची चुलत वहिनी बाजारहत्नूरला असते. शेती बघते, घर सांभाळते, फोन वापरण्यात आमच्यापेक्षा तरबेज. एका रात्री तिच्याकडून व्हॉट्सॲपवर फोटो आला. दोन्ही हातांच्या पुढच्या भागावर लाल दाणे. पाठोपाठ आवाजी निरोप : "भाऊजी, लई खाजवते जी. काही लावायचं सांगा."

फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, जरा हललेला. कापसाचे दिवस. आम्ही विचारलं, "वहिनी, फवारणी चालू आहे का? तुम्ही गेला होतात का शेतात?" ती म्हणाली, "हो तर." झालं. आमच्या डोक्यात चित्र पूर्ण झालं : कीटकनाशकाची ॲलर्जी. दहा दिवस लावायला एक स्टेरॉइडचं मलम सांगितलं. पाच मिनिटांत काम उरकलं आणि आम्ही दोघंही स्वतःवर खूश. बघा, आजकाल किती सोय झाली, आदिलाबादला जायचा एक मजुरीचा दिवस वाचवला.

आठवड्यानं निरोप आला, "गुण आला जी." इथेच सापळा होता. खरजेची खाज ही किड्याच्या अस्तित्वाला शरीरानं दिलेली प्रतिक्रिया असते. स्टेरॉइड ती प्रतिक्रिया दाबतं, किड्याला काही करत नाही. खाज कमी, लाली कमी, आत किड्याचा संसार निवांत वाढतोय. आणि गुण आला म्हटल्यावर वहिनीनं काय केलं असेल? आपल्या कुणाच्याही घरात झालं असतं तेच. ती ट्यूब घरभर फिरली. सासूला लावली, धाकट्या जावेला लावली, जावेच्या दीड वर्षाच्या बाळालाही थोडी लावली.

पुढचा फोन तीन-चार आठवड्यांनी, पहाटे. बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर पुवाच्या पुटकुळ्या, अंगात ताप, आणि सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं. "लेकराले झोप नाही जी," एवढंच ती म्हणाली. तोंड सुजलं हे ऐकल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फोनवर एकच सांगितलं, आत्ताच्या आत्ता आदिलाबादला न्या, आणि गाडीत बसलो.

बाळाच्या लघवीत रक्त सापडलं. खरजेच्या खाजवलेल्या जखमांत स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू शिरतात आणि कधी कधी त्यापाठोपाठ मूत्रपिंडाला सूज येते. बाळ बरं झालं. आज शाळेत जातं, दंगा करतं. पण ते आठ दिवस आम्ही विसरलेलो नाही. आमच्यातल्या एकीनं आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की खाजणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचा, "घरात आणखी कुणाला?" स्वतःच्या घरच्या माणसाला तोच प्रश्न विचारायचा राहिला. फवारणीचा विचारला, कारण उत्तर आमच्याकडे आधीच तयार होतं.

दवाखान्यातून आम्ही गावी गेलो. ओसरीवर बसून सगळ्यांचे हात पाहिले. फार वेळ लागला नाही. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेच्या घडीत, बेंबीभोवती, कमरेला साडीची गाठ बसते तिथे. घरातल्या अकरा जणांपैकी नऊ जणांना. म्हाताऱ्या काकूंनी तर दोन महिने वेगळी वाटी, वेगळं ताट घेतलं होतं, नातवंडांना जवळ घेत नव्हत्या. कुणाला काही सांगितलं नाही. वहिनीला वाटत होतं की सासूबाई रुसल्यात. एवढे दिवस त्या घरात खरूज होती आणि सगळे एकमेकांपासून लपवत होते. आमच्याकडे आला तो एकाच माणसाच्या हाताचा फोटो.

आता हा किडा कोण, ते थोडक्यात. गोचिडाच्या जातकुळीतला, आठ पायांचा, लांबी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि त्यात अंडी घालत पुढे सरकते. नेहमीच्या खरजेत सबंध अंगावर अशा माद्या असतात जेमतेम दहा ते पंधरा. मंडळी, नऊ जणांचं घर रात्रभर खाजवत बसतं आणि प्रत्येकाच्या अंगावर वैरी दहा-पंधराच! बाकी सगळं पुरळ शरीराच्या चिडण्याचं. मग फोटोत काय दिसणार? फोटोत दिसतो तो चिडलेपणा, आणि तो ॲलर्जीतही तसाच दिसतो, डास चावल्यावरही तसाच.

हा किडा प्रथम कुणी पाहिला, याची हकीकत आम्हाला फार आवडते. १६८७ साली इटलीतल्या लिव्होर्नो शहरी बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचं चित्र काढलं. पण त्यांना सुचलं कशावरून? गरीब बाया आपल्या खरजेनं बेजार पोरांच्या कातडीतून टाचणीच्या टोकानं काहीतरी काढताना त्यांना दिसल्या होत्या. पुढे वैद्यांचा त्यावर विश्वासच बसेना. १८३४ मध्ये पॅरिसच्या इस्पितळात कॉर्सिका बेटावरच्या रेनुची नावाच्या विद्यार्थ्यानं सर्वांसमोर सुईनं किडा काढून दाखवला, तेव्हा कुठे वाद मिटला. त्यानं ही युक्ती गावाकडच्या बायांकडूनच शिकून घेतली होती. आपल्याकडे काटा काढायला सुई घेऊन बसणारी आजी आठवा. निदान करणारी पहिली माणसं ती. ती घरातली होती आणि मूल त्यांच्या मांडीवर होतं.

मग फोनवरून निदान करायचंच नाही का? तसं आम्ही म्हणत नाही. उलट त्या प्रसंगानंतर आम्ही फोनवर जास्त काम करायला लागलो, फक्त फोनकडे पाहायची पद्धत बदलली.

२०२० साली खरजेवर काम करणाऱ्या जगभरच्या तज्ज्ञांनी निदानाचे निकष ठरवून प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली किडा दिसला तर प्रश्नच मिटला. पण तो न दिसताही, नेमक्या जागी नेमकं पुरळ असेल आणि दोन प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील, तर डॉक्टरनं खरूज म्हणावं असं त्यात आहे. ते दोन प्रश्न कोणते? खाज आहे का, आणि ज्याला खाज आहे अशा माणसाशी जवळचा संबंध आला आहे का. मंडळी, या दोन्ही गोष्टी कॅमेऱ्यात येत नाहीत. त्या कानानं कळतात. आणि कानासाठीच तर फोन आधी निघाला!

तेव्हा आता गावाकडून फोटो आला की आम्ही आधी तो उघडतच नाही. विचारतो. खाज रात्री वाढते का, पांघरूण घेतल्यावर? घरात किती जण झोपता, कोण कुणाजवळ झोपतं? वसतिगृहातली मुलं सुट्टीला आली होती का? महिना-दीड महिन्यापूर्वी घरी लग्नकार्य, पाहुणे? हा महिना-दीड महिना महत्त्वाचा, कारण पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे खाज सुटतच नाही. तो स्वतःला ठणठणीत समजून सगळ्यांत मिसळत असतो. गौरी-गणपतीला आपलं घर भरतं, एका सतरंजीवर दहा मुलं लोळतात, आणि खाज सुटते ती दिवाळीत. मग दोष कुणाला? फराळाला.

बायकांना आमच्यातली एक विचारते, पुरुषांना दुसरा. यालाही कारण आहे. पुरुषांत खरजेच्या गाठी फार वेळा गुप्तांगावर असतात आणि त्या दिसल्या तर निदान जवळजवळ पक्कं. पण त्या जागेचा फोटो आम्ही कधीही मागत नाही आणि पाठवू देत नाही. आज पाठवलेला फोटो उद्या कुणाच्या फोनवर जाईल, सांगता येत नाही. पुरुषाला पुरुषानं शब्दांत विचारलं तर तो सांगतो. थोडा खाकरतो, मग सांगतो.

भाषेचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. तेलुगूत खरजेला 'गज्जी' म्हणतात. आपल्या मराठी कानाला गज्जी म्हटलं की गजकर्ण वाटतं. गजकर्ण ही बुरशी, तिचं औषध निराळं. तेलुगूत गजकर्णाला 'तामरा' म्हणतात. आमच्या ओळखीतल्या एका मराठी आजीबाईंनी शेजारणीचं 'गज्जी' ऐकून तिला महिनाभर बुरशीचं मलम लावायला लावलं. दोघी वर्षानुवर्षं एकमेकींच्या भाषा बोलतात, तरी हे झालं. म्हणून आम्ही रोगाचं नाव विचारत नाही. नाव ज्यानं त्यानं आपापलं ठेवलेलं असतं. आम्ही विचारतो, चट्टा गोल आहे का, कडेनं पसरतो का, की बारीक दाणे आहेत आणि बोटांच्या मध्ये आहेत?

आणि दुकानातली मलमं. एका ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर स्टेरॉइड, सगळं कालवलेलं. काय झालंय ते न पाहता कशालाही लावा. २०१८ मध्ये सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं ठरवलं. नियम झाला, सवय काही मोडली नाही. पण दुकानदाराला आम्ही कोणत्या तोंडानं नावं ठेवायची? आम्ही तर पदवीधर असून तेच केलं.

दूरवैद्यकाची व्यवस्था आपल्याकडे बऱ्यापैकी उभी आहे, हेही सांगायला हवं. मार्च २००० मध्ये चित्तूर जिल्ह्यातल्या अरगोंडा गावातल्या केंद्राचं उद्घाटन अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते झालं, तेव्हा ती नवलाई होती. आता ई-संजीवनी आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, आणि एप्रिल २०२० पासून घरबसल्याही डॉक्टरला दाखवता येऊ लागलं. यातला आम्हाला जास्त मोलाचा वाटतो तो पहिला प्रकार. रुग्ण गावच्या आरोग्य केंद्रात, आपल्या तेलंगणात पल्ले दवाखाना म्हणतात तिथे जातो, शेजारी आरोग्य कर्मचारी बसलेला असतो आणि पडद्यावर डॉक्टर. तो कर्मचारी हात उलटा करून दाखवू शकतो, उजेड धरू शकतो, त्याच्या भाषेत विचारू शकतो. टाचणीवाल्या आईची जागा थोडीफार तिथे भरून निघते. त्याच्या हाती फोनला लावायचं एक भिंग दिलं तर आणखी मजा. त्वचेवर टेकवलं की बोगद्याच्या टोकाशी एक काळसर त्रिकोण दिसतो, मागे पांढरी रेघ. डॉक्टरांनी त्याला जेट विमानाची उपमा दिली आहे. एकदा पाहिलं की विसरत नाही.

नियमही आहेत. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारनं दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोंदणीकृत डॉक्टरनंच सल्ला द्यायचा, कोणती औषधं कोणत्या पद्धतीच्या भेटीत लिहिता येतील त्यांच्या याद्या आहेत. त्यातल्या एका यादीत बेंझिल बेंझोएट आहे, खरजेवरचं आपलं जुनं, आग करणारं औषध. अट एवढीच की पहिल्या भेटीत रुग्णाला व्हिडिओवर पाहिलेलं असावं. म्हणजे नुसता फोटो पाहून औषध लिहायचं नाही, हे नियमातच आहे. आम्ही वाचला होता तो नियम. वहिनी घरची, म्हणून सोडून दिला.

फोटो घ्यायचाच तर कसा, हे वहिनीनंच बसवलं. ट्यूबलाइटखाली नाही, फ्लॅश नाही, सकाळी दारात उभं राहून. आधी कॅमेऱ्याची काच पदराच्या टोकानं पुसायची, कारण कापसाच्या दिवसांत तिच्यावर धूळ बसलेली असते. एक फोटो लांबून, एक जवळून, जवळच्यात शेजारी एक रुपया. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, मग तो चिरडला जात नाही. संशयाच्या जागी शाईच्या पेनानं रेघोट्या ओढायच्या आणि ओल्या फडक्यानं पुसायचं. बोगदा असेल तर शाई आत राहते, नागमोडी निळी रेघ दिसते. ही युक्ती जुन्या पुस्तकांतली आहे, आमच्या प्राध्यापकांनी शिकवली होती. ती बाजारहत्नूरच्या ओसरीवर उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. धाकट्यांना तर ती खेळच वाटते, ज्याला काही झालेलं नाही तोही हात पुढे करतो.

औषध मात्र सगळ्यांना, एकाच रात्री. खाज असो वा नसो. पर्मेथ्रिनचं पाच टक्क्यांचं मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांच्या खाली, बेंबीत, तान्ह्यांना डोक्यालाही, आणि आठ ते चौदा तासांनी अंघोळ. हात धुतले तर पुन्हा हातांना लावायचं. बायकांचं इथेच चुकतं, कारण मलम लावून त्या भांडी घासायला बसतात. आठवड्यानं पुन्हा एकदा. दोन महिन्यांहून लहान बाळाला ते नाही. तिथे गंधकाचं मलम चालतं. आपल्या आज्या गंधक लावायच्या तेव्हा आपण नाक मुरडायचो. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही आहेत, ज्या औषधाच्या शोधासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. वजनाप्रमाणे द्यायच्या, पंधरा किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला नाही. फिजी बेटांवर सबंध वस्तीला या गोळ्या दिल्या तेव्हा वर्षभरात खरजेचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास आलं. सगळ्यांना एकदम, ही त्यातली मेख.

गाद्या जाळू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफील्डला मेलॅनबी नावाच्या संशोधकानं स्वयंसेवकांना खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे घालायला आणि त्यांच्या घोंगड्यांत झोपायला लावलं होतं. फार थोड्यांना लागण झाली. खरूज पसरते ती मुख्यतः अंगाला अंग लागून. अंगावरचे कपडे आणि चादरी गरम पाण्यानं धुवा, उन्हात टाका. धुता न येणारं सामान पिशवीत बांधून चार दिवस ठेवा, किडा अंगावेगळा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. आणि दारातल्या कुत्र्याला हाकलू नका. त्याची खरूज वेगळी. तिचा किडा माणसावर थोडी खाज आणतो, पण संसार मांडत नाही.

औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. मेलेले किडे कातडीतच असतात, ती कातडी झडेपर्यंत शरीर चिडलेलं असतं. हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी लोक म्हणतात, औषध पावलं नाही, आणि पुन्हा त्या कालवलेल्या ट्यूबकडे वळतात. म्हणून आम्ही कॅलेंडरवर खुणा करून ठेवतो आणि आपणहून फोन करतो. तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, महिन्यानं. दूरवैद्यकात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो हा परतीचा फोन, आणि तोच सगळे विसरतात.

काही गोष्टी फोनवर करायच्याच नाहीत. पू, ताप, सुजलेलं तोंड, चहाच्या रंगाची लघवी, तान्हं बाळ, गरोदर बाई. आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस, ज्याच्या अंगावर जाड खपल्यांचे थर आले आहेत आणि ज्याला कदाचित खाजतही नाही. त्या खपल्यांत किडे हजारोंनी असतात. अशा वेळी फोन एकाच कामाचा, गाडी बोलवायला.

काकूंचं सांगायचं राहिलं. औषधाच्या रात्री घरातल्या अकराच्या अकरा जणांनी मलम लावलं. काकू शेवटपर्यंत म्हणत होत्या, मला नको, मला काही नाही. मग आमच्यातली एक त्यांच्या खोलीत जाऊन बसली, दार लावून घेतलं, आणि तास-दीड तासानं दोघी बाहेर आल्या. काय बोलणं झालं ते दुसऱ्याला अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी काकूंची वेगळी वाटी ताटाळ्यात इतर वाट्यांत मिसळली होती.

आता वहिनीकडेच गल्लीतल्या बाया येतात. ती मलम देत नाही, ते आम्ही तिला बजावलं आहे. ती विचारते, आणि मग पल्ले दवाखान्यात पाठवते किंवा आम्हाला कळवते. पोळ्याच्या आदल्या रात्री तिचा निरोप आला. तसाच वाचून दाखवतो :

"भाऊजी, मागच्या आळीत चौघांना खाज. रातच्याला जास्त. पोरगी वसतिगृहातून आलेली. एकाला बोटांच्या मधात. लहानग्याले ताप नाही, लघवी साफ. फोटो आत्ता पाठवत नाही, उजेड नाही. सकाळी दारात काढते."

खालून घंटा ऐकू येतेय, आरतीची तयारी झालेली दिसते. प्रश्न असतील तर प्रसादानंतर आम्ही दोघं मागच्या बाकावर आहोत. बायकांनी हिला विचारा, पुरुषांनी मला.